दोनशे फुटांवर

एर्लंडने अडतीस वर्षं फेरीबोट चालवली
असं लोक म्हणतात. चालवली कुठे?
तो खाली असायचा, पाण्याच्या रेघेच्याही खाली,
इंजिनाच्या पोटात,
कानांत कापूस, खांद्यावर तेलकट फडकं.
ऑर्कनीचा एकही धक्का
जवळ येताना त्याने पाहिलेला नाही.
घंटा व्हायची, काटा सरकायचा,
वर कुणीतरी दोर फेकायचं,
की त्याला कळायचं : आलो.

आता निवृत्तीत तो विमानं उतरवतो.
वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत, खिडकी नाही तिथे.
तीन पडदे, भंगारातली बसची सीट,
आणि एक दांडा, ज्याला मूठ
आमच्या फुटक्या किटलीची.

पहिल्या हिवाळ्यात सगळं बिनसायचं.
बटण दाबलं की विमान आपल्याच तंद्रीत
कर्कवॉलची धावपट्टी ओलांडून
समुद्रावर निघून जायचं.
तीन आठवडे ऑटोपायलटने शिव्या खाल्ल्या.
मग इस्त्री करता करता मीच विचारलं,
ते वर जीपीएस लिहिलंय
ते नेहमी तसंच असतं का रे?
तो गप्प.
यंत्र ऐकत होतं की,
फक्त दुसऱ्याच कुणाचं तरी.
(लग्नानंतर पहिलं वर्षभर
आमच्याही घरात हाच घोळ होता.)

आता सगळं पाठ आहे, मलासुद्धा.
फ्रिक्वेन्सी लाव. कोर्स फिरव.
किरणाला खालून जाऊन भेट, वरून नको,
वरून गेलास तर खोटा भेटतो,
खऱ्याहून जास्त उभा.
मग उभी रेघ हलते, मधोमध येते.
आडवी उतरते, थांबते.
विमान नाक वाकवतं,
घराची वाट माहीत असलेल्या घोड्यासारखं.
एर्लंड हात मांडीवर ठेवून बसतो,
नजर काट्यांत.

पण दोनशे फुटांवर यंत्र सोडावं लागतं.
दोनशे फुटांवर मान वर करावी लागते.
आणि तिथेच माझा नवरा
दर वेळी गवतात जातो.

गेल्या गुरुवारी समुद्रावरून धुकं चढलं.
इकडे त्याला हार म्हणतात.
मेरन यायची होती ॲबर्डीनहून,
सहा पन्नासच्या विमानाने. चुलीवर सूप.
एर्लंडने खरं हवामान लावलं,
तीच वेळ, तीच पट्टी.
तिन्ही पडदे पांढरे.

उभी रेघ आली. आडवी आली.
तेवढ्यात छपरावर खरा आवाज,
खाली येत येत,
मग एकदम जोर करून वर, आणि लांब.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पाचशे, म्हणालं यंत्र. चारशे. तीनशे.
"थोरा," मान खालीच ठेवून तो म्हणाला,
"काही दिसतंय का?"

मी इस्त्री उभी केली.
पांढरं. नुसतं पांढरं.
मग दिव्यांची एक ओळ,
वाळत घालायच्या दोरीवर थेंब लोंबावेत तशी.
"दिसतंय. जरा डावीकडे आहे."
त्याने अंगठ्याने यंत्र सोडवलं,
टुणटुण झाली.
"अजून थोडं. हां. आता राहू दे."

आपटलो. पण पट्टीवर.

फोन आला. मेरन इन्व्हरनेसला,
हातात सँडविच, उद्या सकाळी येते म्हणाली.
एकदाच प्रयत्न केला म्हणे, आणि वळले.
"बरोबर केलं," एर्लंड म्हणाला,
"दिसलं नाही तर वर जायचं."

सूप दोघांपुरतं वाढलं, हाका मारल्या दोनदा.
तो अजून बसच्या सीटवर,
यादी धरून एकेक इंजिन बंद करत होता,
मुळीच घाई न करता,
जशी वर अजून
माणसं उतरतायत.